आमच्या जाऊबाईंची वकिली

आमच्या थोरल्या जाऊबाईंना तोंडावर 'नाही' म्हणून सुखरूप घरी गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. ज्या दोघाचौघांनी तसा प्रयत्न केला त्यांना बाईंनी आधी उजेडाकडे तोंड करून बसवलं, पापणी खाली ओढून डोळा पाहिला, "आडवं पडून मोबाइल बघता का हो?" असं विचारलं, आणि आपण कशाला नाही म्हणत होतो हे त्या गृहस्थांना आठवेपर्यंत त्यांच्याकडून हो म्हणवून घेतलं. त्या डोळ्यांच्या डॉक्टर आहेत. मुलुंडला डोळ्यांचे डॉक्टर काही थोडे नाहीत. आमच्या घरापासून भाजी मंडईपर्यंत चालत गेलं तरी तिघांच्या पाट्या लागतात. पण ते तिघे डोळे तपासतात आणि घरी जातात. आमच्या जाऊबाई डोळ्यांची बाजू मांडतात. जगातल्या समस्त डोळ्यांनी मिळून यांना आपलं वकीलपत्र दिलं असावं, अशा थाटात हे वर्षानुवर्षं चाललं आहे, आणि त्यातली बरीचशी वर्षं मी तोंडाचा आ करून त्यांच्या शेजारी उभी आहे.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, चेहरेही राहत नाहीत. राहतात ते डोळे. आमचे घरचे भटजी त्यांच्या लेखी 'उजव्या डोळ्यात तीळवाले' आणि माझा सख्खा भाऊ 'तो तुझा मायनस साडेचार'. ठाण्याला एका लग्नात आम्ही आहेर द्यायला रांगेतून स्टेजवर पोचलो, तर नवऱ्या मुलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि सगळा मांडव कौतुकानं म्हणत होता, किती हळवा मुलगा! जाऊबाईंनी पाकीट नवरीच्या हातात दिलं आणि नवऱ्याची हनुवटी धरून त्याचं तोंड फोटोग्राफरच्या दिव्याकडे वळवलं. "हळवा कसला, याच्या बुबुळाला जखम झालीय. काय रे, लेन्स घालूनच झोपलास ना काल? आत्ता काढ." रांग खोळंबली, मुलाची आई घाबरी झाली, फोटोग्राफर हात जोडायला लागला. बाईंनी सगळ्यांदेखत लेन्स काढायला लावली आणि त्याच दिवशी संध्याकाळी, मुंडावळ्यांसकट, त्याला दवाखान्यात आणून बसवलं. त्याचा डोळा वाचला. त्या घरातून आम्हाला दर दिवाळीला फराळ येतो, आणि जाऊबाई दर दिवाळीला विचारतात, "हे कोण गं?"

दुसऱ्याचा चष्मा मळका दिसला की तो त्याच्या नाकावरून उचलायचा, पदराला पुसायचा आणि परत नाकावर बसवायचा, ही त्यांची आणखी एक सवय. परवानगी विचारायचा प्रश्नच नाही. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी जिन्याला पिवळे पट्टे मारण्याच्या ठरावाविरुद्ध तावातावानं बोलत होते. म्हाताऱ्या माणसांना पायरीची कड दिसावी म्हणून ते पट्टे जाऊबाईंनाच हवे होते. सेक्रेटरी जोरात आलेले असताना त्या शांतपणे उठल्या, त्यांचा चष्मा काढला, पुसला, लावला आणि जागेवर येऊन बसल्या. सेक्रेटरी काही क्षण नुसतेच बघत राहिले. मग म्हणाले, "अरे वा." पट्टे त्याच आठवड्यात लागले.

मी त्यांच्या दवाखान्यात कशी आले ते सांगते. विक्रोळीच्या ज्या कंपनीत मी नोकरी करत होते तिनं आपलं बिऱ्हाड मुंबईबाहेर हलवलं आणि मी घरी बसले. तोंड पाडून भाजी निवडत होते, तर जाऊबाई म्हणाल्या, "उद्यापासून माझ्याकडे काउंटरला ये. पण काउंटरवर बसायच्या आधी पेशंट हो." मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर त्यांनी माझ्या दोन्ही डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलं आणि बाहेर बाकावर नेऊन बसवलं. झालं. कुणी काही सांगेना. समोरची पाटी धूसर, हातातला मोबाइल धूसर, येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे म्हणजे नुसती पिठलं-भाताची ताटं. उजेड डोळ्यांत टोचत होता. मला चहा हवा होता, बाथरूम कुठे ते माहीत नव्हतं, आणि आपल्याला विसरले की काय असं दर थोड्या वेळानं वाटत होतं. दुपार कलली तेव्हा जाऊबाई बाहेर आल्या.

"काय वाटलं?"

"राग आला," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"तुमचा, वहिनी!"

"शाब्बास. आता बस काउंटरवर."

माझं शिक्षण एवढंच. त्यानंतर मला कधी कुणी नियम शिकवले नाहीत, आणि लागलेही नाहीत. उशीर होणार असेल तर पेशंटनं विचारायच्या आधी उठून जायचं आणि सांगायचं. "कारण सांगत बसू नकोस, वेळ सांग," असं त्या म्हणत. एका श्रीमंत पेशंटनं वेटिंग रूमला भलामोठा टीव्ही भेट दिला होता, तो त्यांनी खालच्या चहावाल्याला देऊन टाकला. "डोळ्यांत औषध घातलेल्या माणसाला टीव्ही दाखवतेस? मग बहिऱ्यांच्या दवाखान्यात गाणी लाव." काचेचं दार होतं ते काढून लाकडी बसवलं, कारण मोतीबिंदूवाले आजोबा त्या काचेवर आपटत आणि वर दारालाच सॉरी म्हणत. पेशंटना नंबरानं हाक मारायची नाही, हे तर ब्रह्मवाक्य. "त्याला आधीच दिसत नाही, वर त्याचं नावही काढून घेता काय?" ज्यांना स्वतःला एकही नाव आठवत नाही त्या बाईंचं हे म्हणणं, पण त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात आलं आणि आज निम्म्या मुलुंडची नावं मला आडनावासकट पाठ आहेत.

मग रविवारचा वर्ग सुरू झाला. सुरुवात अशी झाली की एका नव्या डॉक्टर मुलीनं, जिनं नुकताच भांडुपला दवाखाना टाकला होता, रडवेलं होऊन फोन केला की ऑपरेशन उत्तम झालं तरी पेशंट भांडून गेला. जाऊबाई म्हणाल्या, रविवारी ये. ती मैत्रिणीला घेऊन आली, मैत्रिणीनं बोरिवलीच्या दोघांना आणलं, चेंबूरहून कुणी आलं, आणि बघता बघता आमच्या वेटिंग रूममध्ये दर रविवारी सकाळी डोळ्यांचे तरुण डॉक्टर दाटीवाटीनं बसायला लागले. "कॉलेजात तुम्हाला डोळा उघडायला शिकवतात," जाऊबाई त्यांना सांगत, "तोंड उघडायला कुणी शिकवत नाही. ते इथे शिका." या वर्गात पेशंटची भूमिका कायम माझी. बोरिवलीचा एक मुलगा, सुवर्णपदकवाला, अतिशय हुशार. त्याला मला सांगायचं होतं की माझी गेलेली नजर आता परत येणार नाही. तो घसा खाकरून म्हणाला, "आजी, तुमचा व्हिज्युअल प्रोग्नोसिस जरा गार्डेड आहे."

मी म्हटलं, "गार्डेड म्हणजे चांगलंच ना रे बाळा?"

सगळे हसले. जाऊबाई नाही हसल्या. त्याच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "ती आता घरी जाईल. सून विचारेल, काय म्हणाले डॉक्टर? तेव्हा ती जे सांगेल ना, ते तू तिला सांग."  मुलगा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आजी, हा डोळा आता बघणार नाही. पण दुसरा सांभाळू या. मी आहे." मी खोटी पेशंट, मला काहीएक झालेलं नव्हतं, तरी माझ्या डोळ्यांना धार लागली.

एवढं सगळं जमणारी बाई एका दुपारी माझ्यासमोर गप्प झाली, तो प्रसंग आता सांगायला हवा.

घाटकोपरहून एक जोडपं आलं. वनिता आणि तिचा नवरा. तो कुरिअरचं काम करायचा, मूळचे दोघं अकोल्याकडचे. कडेवर काही महिन्यांची मुलगी, आर्या. टपोरे, काळेभोर डोळे. मी काउंटरवरून चुटकी वाजवली तर आवाजाकडे मान वळली, पण डोळे भलतीकडेच फिरत राहिले. वनिता म्हणाली, "खेळण्याकडे बघतच नाही हो ताई. सगळे म्हणतात हळूहळू बघेल, सातव्या महिन्यातली आहे ना." आर्या फार लवकर जन्मली होती. घाटकोपरच्याच एका खासगी नर्सिंग होममध्ये तिला काचेच्या पेटीत ठेवून, कितीतरी दिवस झुंजून डॉक्टरांनी जगवलं होतं.

जाऊबाईंनी तिला तपासलं. एरवी त्यांच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येत राहतो. त्या दिवशी आला नाही. लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यामागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पुरत्या वाढलेल्या नसतात, आणि जन्मानंतर कधीकधी त्या वेड्यावाकड्या वाढायला लागतात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. जन्मल्यापासून पहिल्या महिन्याच्या आत आत तपासलं आणि वेळेवर लेझर केलं, तर बहुतेक बाळांची नजर वाचते. ती वेळ टळली की पडदा सुटतो. आर्याचा सुटला होता. जाऊबाईंनी त्या दोघांना समोर बसवून, त्या रविवारच्या मुलांना शिकवतात तशा साध्या शब्दांत ते सांगितलं. नवरा भिंतीकडे बघत राहिला. वनिता रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कुणी सांगितलं असतं तर आम्ही आलो नसतो का, मॅडम?"

जाऊबाईंना उत्तर देता आलं नाही. त्यांना उत्तर सुचलं नाही असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ते लोक गेल्यावर त्यांनी मला उरलेल्या पेशंटना दुसऱ्या दिवशी बोलवायला सांगितलं आणि त्या खोलीत दिवा न लावता बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चल, घाटकोपरला जायचंय."

रिक्षात मला खात्री होती की आता त्या नर्सिंग होमच्या डॉक्टरची धडगत नाही. मी मनातल्या मनात त्याची कीवही करून घेतली. प्रत्यक्षात जाऊबाई त्याच्यासमोर बसल्या, त्यानं मागवलेला चहा प्यायल्या, आणि म्हणाल्या, "तुम्ही त्या मुलीला जगवलंत. मला ते जमलं नसतं. मी सांगायला आले की ती आंधळी झालीय." तो पन्नाशीचा, थकलेला, सरळ माणूस होता. त्यानं हातातला कप खाली ठेवला. "मला सुचलंच नाही," तो म्हणाला, "तिचा श्वास चालू ठेवायच्या धडपडीत डोळ्यांचं... सुचलंच नाही हो." जाऊबाई म्हणाल्या, "पुढच्या बाळाला मला बोलवा. फोन केलात की अर्ध्या तासात येते. पैशाचं बोलू नका." त्यानं त्या आठवड्यातच बोलावलं. त्या दिवशी परतताना मी विचारलं, "वहिनी, चिडला नाहीत?" तर म्हणाल्या, "चिडून काय करू? उद्याची बाळं त्याच्याच पेटीत येणारेत ना."

मग सुरू झाली ती वकिली. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, जिथे म्हणून अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात तिथे तिथे दुपारच्या वेळी आम्ही दोघी. कुठे डॉक्टर भेटत, कुठे नुसताच 'बघू या', कुठे 'आमच्याकडे तसं काही होत नाही'. खासगी लोक हळूहळू वळले. पण सगळ्यात जास्त बाळं ज्या सरकारी प्रसूतिगृहात जन्मत, तिथे वरच्या साहेबांनी होय म्हटल्याशिवाय बाहेरच्या डॉक्टरला बाळाला हात लावता येत नव्हता. आणि साहेब भेटत नव्हते. एकदा मीटिंगमध्ये, एकदा रजेवर, एकदा 'आत्ताच गेले'. जाऊबाई दर वेळी हसून म्हणत, "बरं, परत येऊ." दारावरच्या सगळ्या मंडळींचे चष्मे त्या खेपांत लख्ख झाले. अखेर भेट ठरली आणि निरोप आला, साहेबांना फक्त थोडी मिनिटं आहेत, काय ते चटकन सांगा.

तालीम आमच्या स्वयंपाकघरात. साहेब म्हणून आमचे सासरे. गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते, मूळ मालवणचे. आता पिकलं पान, पण खुर्चीत असे बसले की खरोखर साहेब वाटावेत. घड्याळ म्हणून गॅसवरचा कुकर. शिट्टी झाली की भाषण बंद. पहिल्या दिवशी जाऊबाईंनी बाळाच्या डोळ्याची रचना, रक्तवाहिन्या, ऑक्सिजन, परदेशात काय करतात, इथे काय करतात, असं जे सुरू केलं ते शिट्टी झाली तरी संपेना. सासरे उठलेच. "माका काय एक समाजला नाय. मी सायेब आसय, आता जेवूक चल्लंय."

"बाबा, बसा हो, अजून मुद्दा यायचाय!"

"गो, तू थंय मागूक जातंस काय शिकवूक?"

जाऊबाई थबकल्या. रविवारच्या मुलांना त्या स्वतःच तर सांगत असत, की मागायचं तर एकच वस्तू मागा, आणि समोरच्याला देता येईल अशी मागा. दुसऱ्याला शिकवलेलं स्वतःला लागू करणं किती अवघड असतं, ते मी त्या दिवशी बघितलं. नंतरचे कितीतरी दिवस भाताबरोबर भाषण शिजत होतं. रोज काहीतरी गळत होतं. आधी परदेश गेलं, मग ऑक्सिजन गेला, मग रक्तवाहिन्या. आमच्याकडे त्या काळात भात फार गिचका होई. कुणी तक्रार केली नाही.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी वनिताला फोन केला. "तू आलीस तर मला बळ येईल. नाही आलीस तरी काम थांबणार नाही, आणि मी रागावणारही नाही. मनापासून वाटलं तरच ये." वनिता आर्याला घेऊन आली.

साहेबांचं दालन थंडगार. साहेब कामसू दिसले, समोर फायलींचा ढीग, चष्म्यावर बोटांचे ठसे.  जाऊबाईंचा हात पदराकडे गेला, मी डोळे मिटले. उघडले तर हात परत मांडीवर आलेला होता. तेवढा संयम मी त्यांच्यात प्रथमच पाहिला. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "बोला डॉक्टर, मला लगेच निघायचंय."

जाऊबाईंनी इतके दिवस घोकलेलं सगळं बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "साहेब, मी काही सांगत नाही. एकच विचारते. आपल्या प्रसूतिगृहातून अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी निघालं की आईला काय काय सांगतात?"

साहेबांनी शेजारी बसलेल्या मेट्रनबाईंकडे पाहिलं. त्या खडखडीत आवाजात म्हणाल्या, "सगळं सांगतो, सर. दूध कसं पाजायचं, अंगाला धरून ऊब कशी द्यायची, लस, वजन, कानाची तपासणी..." आणि थांबल्या.

"डोळे?" साहेबांनीच विचारलं.

मेट्रनबाईंनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात आर्यानं साहेबांच्या टेबलावरच्या पेपरवेटला हात लावला, तो गडगडत गेला, आणि ती आवाज संपेपर्यंत कान लावून राहिली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग वनिताकडे. वनिता खालच्या आवाजात म्हणाली, "माझं तर झालं, साहेब. दुसरीला सांगा."

"तुम्हाला काय हवंय, डॉक्टर?"

"बुधवारची सकाळ. एक नर्स. आणि एका खोलीच्या खिडकीला काळा पडदा. अंधार असल्याशिवाय मला बाळाच्या डोळ्यात आतपर्यंत दिसत नाही. बाकी यंत्र माझं, मी माझी."

"नुसता पडदा?"

"नुसता पडदा."

साहेब निघायचं विसरले. त्यांनी तिथेच मेट्रनबाईंना सांगितलं, येत्या बुधवारपासून सुरू करा, आणि लवकर जन्मलेलं एकही बाळ डोळे पाहिल्याशिवाय घरी जाता कामा नये. आम्ही बाहेर आलो. जाऊबाई जिन्यातच पायरीवर बसल्या. वनितानं त्यांना पाण्याची बाटली दिली. मॅडमना धीर देणारी पेशंट आणि पेशंटच्या बाटलीतून घटाघटा पाणी पिणाऱ्या मॅडम, दोघींकडे बघत मी आर्याला कडेवर घेऊन उभी होते.

इतकी मोठी गोष्ट एका बैठकीत मंजूर झाली. पडदा मात्र मंजूर होईना. कापडाचा रंग कोणता, तो बसवायचा कुणी, खिडकी कुठल्या खात्याची, यात महिने गेले. पहिल्या बुधवारी जाऊबाईंनी सासूबाईंच्या जुन्या निळ्या सोलापुरी चादरी नेल्या, मी स्टुलावर चढून त्या खिळ्यांना अडकवल्या, आणि तपासणी सुरू झाली. पुढे खरा पडदा आला तो इतका पातळ निघाला, की त्याच्यावरून चादरी लावाव्या लागल्या.

काही बुधवार असेच गेले. मग एका बुधवारी जाऊबाई एका बाळाच्या डोळ्यावर जास्त वेळ रेंगाळल्या. डोक्याला दिवा बांधलेला, हातात भिंग. त्याच आठवड्यात त्या बाळाचं लेझर झालं. दोन्ही डोळे वाचले हे पक्कं कळलं त्या दिवशी त्यांनी मला आधी काहीच सांगितलं नाही. फोन उचलला आणि वनिताला लावला. "सापडलं गं एक. वेळेवर सापडलं."  पलीकडून वनितानं विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"मुलगी."

"बरं झालं, मॅडम," वनिता म्हणाली. "बरं झालं."

जाऊबाईंनी फोन ठेवला आणि चष्मा काढून, या वेळी स्वतःचा, कितीतरी वेळ पुसत बसल्या.

आता दवाखान्याची बिल्डिंग पाडून नवी उभी राहते आहे आणि दवाखाना बंद आहे. नवी जागा बघा म्हणून सगळे सांगतात, रविवारची मुलं तर आपापल्या दवाखान्यांत मानाची खुर्ची द्यायला तयार आहेत. जाऊबाई म्हणतात, "बघू." सध्या त्या खांद्याला यंत्राची पिशवी अडकवून नुसती बाळं तपासत फिरतात. आर्या बालवाडीत जाते आणि वेणी घालू देत नाही, एवढी खबर त्यांना महिन्याला मिळते. मला काउंटर उरलेला नाही. सकाळी अंघोळ झाल्यावर हात मोकळे मोकळे वाटतात, आणि कधीमधी मनातल्या मनात एखाद्या पेशंटला पूर्ण नावानं हाक मारून बघते.

गेल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर सहज गेले होते. एक अगदी कोवळी आई, पहिलटकरीण, आपलं मुठीएवढं बाळ छातीशी धरून बसली होती. जाऊबाईंनी ते घेतलं, पापण्या हलकेच उघडून धरल्या, दिव्याचा झोत टाकला. बाळानं जो टाहो फोडला त्यानं ती आई उठून उभी राहिली. "नाही रे राजा, नाही रे, झालं, झालं," असं जाऊबाई पुटपुटत होत्या. झाल्यावर बाळ परत देत म्हणाल्या, "छान आहेत डोळे. काही नाही. घरी ने."

"काही नव्हतं तर मग एवढं रडवलंत कशाला हो माझ्या लेकराला?" ती पोरगी फणकारली. "किती घाबरलं ते! काय बाई, दया नाही जराही."

"चुकलंच गं," जाऊबाई म्हणाल्या.

ती पाठमोरी होऊन, बाळाला थोपटत, रागारागानं निघून गेली. मला राहवेना. तिला जाऊन सांगावं, बाई गं, तू कुणाला बोललीस माहीत आहे का? मी निघालेही, तर जाऊबाईंनी माझी ओढणी धरली.

"राहू दे. जाऊ दे तिला."

"अहो वहिनी, पण तिला कधीच कळणार नाही."

"नाहीच कळणार," त्या म्हणाल्या, आणि डोक्याचा दिवा काढून मऊ फडक्यात गुंडाळायला लागल्या. दाराबाहेर ती मुलगी थांबली होती. बाळाचं रडं निवलं होतं. तिनं दुपट्याची झालर त्याच्या चेहऱ्यावरून बाजूला केली आणि मान वाकवून त्याच्या डोळ्यांत बघत काहीतरी बोलत राहिली. जाऊबाई गुंडाळायचं थांबवून तिकडे बघत होत्या. मी पिशवी उचलली, आणि तिथेच उभी राहिले.